मनूचा घडा

शतपथ ब्राह्मणातली जलप्रलयाची कथा आपल्याला आठवते ती तिच्या शेवटामुळे: शिंग असलेला अजस्र मासा, त्या शिंगाला बांधलेली नाव आणि पुरातून तरलेला मनू. कथेची सुरुवात मात्र फारशी कुणी मनावर घेत नाही. सकाळी हात धुण्यासाठी आणलेल्या पाण्यातून एक इवलासा मासा मनूच्या हातात येतो आणि म्हणतो, मला सांभाळ. कसा सांभाळू, असे मनू विचारतो. त्यावर मासा जे सांगतो ते अगदी व्यवहाराचे आहे. आम्ही लहान असतो तोवर आमच्या जिवाला फार भीती असते, कारण मासाच माशाला गिळतो. म्हणून आधी मला घड्यात ठेव, घड्यात मावेनासा झालो की खड्डा खणून त्यात ठेव आणि तिथेही मावेनासा झालो की समुद्रात नेऊन सोड. महाभारताच्या वनपर्वात हीच कथा विस्ताराने येते. तिथे घड्याऐवजी रांजण आहे, मग मोठी वापी, मग गंगा आणि शेवटी समुद्र. मासा वाढत जातो आणि प्रत्येक वेळी मनू त्याला उचलून अधिक मोठ्या पाण्यात नेतो. एक जीव पाळायचा म्हणजे काय काय अंगावर घ्यायचे, याचा इतका नेमका हिशेब आपल्या जुन्या वाङ्मयात दुसरीकडे क्वचितच सापडेल.

घरात पहिल्यांदा मत्स्यपेटी आणणाऱ्या माणसापुढे हाच हिशेब असतो. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी टाकी घेतली तर त्यात साधारण 55 लिटर पाणी बसते. दुकानात एंजल असतात, निऑन टेट्रा असतात, गप्पी, मॉली, टायगर बार्ब, फायटर, गोल्डफिश असतात आणि ते सगळे जवळपास एकाच आकाराचे दिसतात. रंग पाहून दोन-दोन, चार-चार उचलावेत हा मोह स्वाभाविक आहे. कोणाला कोणाबरोबर ठेवायचे हा छंदाचा, फार तर सजावटीचा विषय मानला जातो. तो मुळात हिंसा-अहिंसेचा विषय आहे असे माझे म्हणणे आहे. आणि त्याचा निर्णय मासे पाण्यात सोडण्याआधीच होऊन गेलेला असतो.

मोठ्या माशाने लहानाला गिळावे या वस्तुस्थितीला आपल्या परंपरेने नावच दिले आहे: मत्स्यन्याय. कौटिल्य म्हणतो की दंड नसेल तर मत्स्यन्याय माजतो. अर्थशास्त्रातच हेरांच्या तोंडी असे येते की या मत्स्यन्यायाने गांजलेल्या प्रजेने वैवस्वत मनूला राजा केले. म्हणजे ज्या मनूने माशाला माशापासून वाचवले, त्याच मनूला माणसांनी माणसांपासून वाचण्यासाठी गादीवर बसवले. या दोन कथा शेजारी ठेवल्या की एक मोठा फरक लक्षात येतो. माणसांच्या राज्यात मनूच्या हाती दंड आहे. माणसाला धाक घालता येतो, समजावता येते, लाजही वाटते. माशापुढे दंड निरुपयोगी आहे. निऑन गिळला म्हणून एंजलला शिक्षा करता येत नाही आणि उद्या गिळू नकोस असेही त्याला पटवता येत नाही. मत्स्यपेटीच्या राजाच्या हाती एकच अधिकार उरतो, कोणाला आत घ्यायचे हे ठरवण्याचा. शांतिपर्वात प्रजा मनूकडे येते तेव्हा तो लगेच हो म्हणत नाही. राज्य चालवताना घडणाऱ्या पापाचे मला भय वाटते, असे सांगतो. दुकानातल्या काचेपुढे उभ्या असलेल्या माणसाला हे कचरणे शिकता आले तर बरेच काही वाचेल.

एंजलचेच घ्या. दुकानात तो रुपयाच्या नाण्याएवढा मिळतो आणि निऑनच्या थव्यातून शांतपणे फिरतो. पूर्ण वाढलेला एंजल परांसकट वीतभर उंच होतो आणि निऑन मात्र तीन-चार सेंटीमीटरच्या पुढे जात नाही. मग एके दिवशी निऑन कमी दिसू लागतात. गोड्या पाण्यातले मासे पाळणारे लोक सांगतात तो नियम साधा आहे: जे तोंडात मावते ते अन्न. यात एंजलचा क्रूरपणा कुठेच नाही. ऑस्कर तर बोटाएवढा विकत मिळतो आणि फूटभर वाढतो. दोन फुटी टाकीत त्याला नीट वळताही येत नाही. टायगर बार्ब कोणाला गिळत नाही, पण लांब परांच्या फायटरचे किंवा एंजलचे पर कुरतडत राहतो. त्यातही एक गोष्ट विचार करायला लावणारी आहे. टायगर बार्ब दोन किंवा तीनच ठेवले तर त्यांच्यातल्या दुबळ्याची धडगत नसते. आठ-दहा ठेवले की पाठलाग आपसात वाटला जातो आणि कोणी एकच जण बळी पडत नाही. मासा तोच, स्वभाव तोच; फक्त संख्या बदलली आणि छळाचा जवळपास खेळ झाला. ती संख्या माशांनी ठरवलेली नव्हती.

दात न लावताही हिंसा होते, आणि ती जास्त सहज नजरेआड राहते. निऑनचे मूळ घर अ‍ॅमेझॉन खोऱ्यातले मऊ, किंचित आम्ल पाणी. मॉलीला आणि गप्पीला जड, अल्कधर्मी पाणी मानवते, जसे दख्खनच्या पठारावरच्या कित्येक बोअरवेलना असते. दोघे एकमेकांच्या वाटेला जाणार नाहीत, पण एकाच टाकीत दोघांपैकी एकाला आयुष्यभर न सोसणाऱ्या पाण्यात राहावे लागेल. गोल्डफिशला थंड पाणी हवे, डिस्कसला अठ्ठावीस-तीस अंश सेल्सिअसचे. तळाशी वावरणारा कोरीडोरास वरच्या चपळ माशांनी सगळे दाणे टिपल्यावर उपाशी राहतो. थव्याने राहणारा मासा एकटा ठेवला तर तो झाडाआड दबून बसतो आणि त्याचा रंग उतरतो. याच यादीत नव्या टाकीचा उतावीळपणाही बसतो. माशांच्या कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो. त्याचे आधी नायट्राइट आणि मग बरेच निरुपद्रवी नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये वस्तीला यायला सहसा चार ते सहा आठवडे लागतात. ती वस्ती नसताना पहिल्याच दिवशी वीस मासे सोडले, तर अगदी एकमेकांना साजेसे मासे निवडले असले तरी ते आपल्याच विष्ठेच्या विषात पोहतात. तेव्हा हे मासे भांडतात का, एवढे विचारून भागत नाही. पाणी, अन्न, ऊब, सोबत आणि वेळ या पाचांपैकी एखाद्या ठिकाणी आपण एकाच्या सुखाची किंमत दुसऱ्याकडून वसूल करतो आहोत का, हेही पाहावे लागते.

मग दोष कोणाचा? इथे बौद्ध आणि जैन विचारांतला जुना फरक उपयोगी पडतो. बौद्ध परंपरेत कर्माचे मूळ चेतनेत, म्हणजे हेतूत आहे. एंजल आणि निऑन एकत्र ठेवणाऱ्याला निऑन मारायचे नव्हते. तेव्हा त्याच्या हातून प्राणघाताचे कर्म घडले असे म्हणणे बौद्ध आचार्याला जड जाईल. जैन विचार अधिक कठोर आहे. तत्त्वार्थसूत्र हिंसेची व्याख्या करताना प्रमादाला, म्हणजे बेसावधपणाला, मध्यभागी ठेवते. कुंदकुंदाचार्यांचे प्रवचनसार तर याहून पुढे जाते: जीव मरो वा जगो, बेपर्वाईने वागणाऱ्याला हिंसा लागलीच; आणि पूर्ण सावधपणे चालणाऱ्याच्या पायाखाली नकळत एखादा जीव आला, तरी तेवढ्याने त्याला बंध होत नाही. मत्स्यपेटीच्या बाबतीत मला जैनांचे म्हणणे अधिक खरे वाटते. त्यामुळे दोन गोष्टी स्पष्ट होतात. एक, माहीत नव्हते ही सबब टिकत नाही, कारण एंजल किती वाढतो हे विचारले असते तर समजले असते. न विचारणे हीच चूक. दुसरी अधिक अवघड आहे. न विचारता मासे भरले आणि नशिबाने कोणी कोणाला खाल्ले नाही, तरी तो माणूस सुटत नाही. त्याने पैजेवर दुसऱ्याचे जीव लावले होते आणि पैज जिंकली, इतकेच. उलट, नीट चौकशी करून, पाणी तपासून, महिनाभर थांबून मासे सोडले आणि त्यातला एक आजाराने गेला, तर हळहळ वाटावी. अपराधी वाटण्याचे कारण नाही.

यावर पहिला आक्षेप असा की मासा हा मासाच. त्याला कुठे दुःख कळते? हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही, कारण त्यावर शास्त्रज्ञांत खरोखर वाद आहे. 2003 साली लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेनबो ट्राउट माशांच्या ओठांत वेदनाग्राहक मज्जातंतू असल्याचे दाखवले. ओठांत आम्ल टोचलेले मासे तळच्या खड्यांवर तोंड घासत, खाणे सोडत. मॉर्फीन दिल्यावर हे वागणे कमी होई. ब्रायन की यांच्यासारखे मज्जाशास्त्रज्ञ उलट म्हणतात की वेदना जाणवण्यासाठी मेंदूचे जे बाह्यक लागते ते माशाला नाही, त्यामुळे हे सारे जाणिवेशिवायचे प्रतिसाद असू शकतात. माझा कल पहिल्या बाजूला आहे. पण माझा युक्तिवाद त्या कलावर उभा नाही. शंका खरी असेल तर एका पारड्यात काय आहे आणि दुसऱ्यात काय, हे पाहावे. माशाला वेदना होत नसतील आणि तरी आपण काळजी घेतली, तर आपले गेले काय? थोडी चौकशी, चार आठवड्यांचा धीर, एखाद्या आवडत्या रंगाचा त्याग. माशाला वेदना होत असतील आणि आपण काळजी घेतली नाही, तर गेले ते सगळे त्याचे. शिवाय आपल्या कायद्याने हा वाद मिटण्याची वाट पाहिलेली नाही. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात प्राणी म्हणजे माणूस सोडून कोणताही सजीव, आणि हालचालीला पुरेशी लांबी, रुंदी, उंची नसलेल्या पिंजऱ्यात किंवा पात्रात प्राणी ठेवणे हा गुन्हा आहे. पात्र हा शब्द वाचताना गोल काचेच्या भांड्यात एकटा फिरणारा गोल्डफिश डोळ्यांपुढे येतो.

दुसरा आक्षेप निसर्गाचा. अ‍ॅमेझॉनमध्ये एंजल लहान टेट्रांना खातोच. मग टाकीत खाल्ले तर बिघडले कुठे? इथे नदी आणि टाकी यांतला भेद विसरला जातो. नदीत पळायला वाट आहे, लपायला मुळांची जाळी आहे, गढूळपणाचे आवरण आहे, आणि एका एंजलमागे हजारो टेट्रा आहेत. टाकीत चारी बाजूंना काच आहे आणि ती काच आपण उभी केली आहे. भक्ष्याची पळवाट आपण बंद केल्यावर जे घडते त्याचे श्रेय किंवा दोष निसर्गाच्या खात्यात टाकता येत नाही. या छंदाच्या सुरुवातीलाही हेच दिसते. लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टनने 1850 च्या सुमारास गोल्डफिश, पाणवनस्पती आणि गोगलगाई यांची टाकी तयार केली; झाडाने माशाला प्राणवायू द्यावा, माशाने झाडाला खत, गोगलगाईने कुजलेली पाने खाऊन पाणी स्वच्छ ठेवावे. त्या पाठोपाठ फिलिप हेन्री गॉस या धर्मनिष्ठ निसर्ग अभ्यासकाने 1854 मध्ये 'द अ‍ॅक्वेरियम' हे पुस्तक लिहून हा छंद घरोघर पोचवला. गॉससाठी सृष्टीतली प्रत्येक गोष्ट ईश्वराच्या हातची होती. पण टाकीतला समतोल ईश्वराने राखलेला नव्हता. वॉरिंग्टनने गोगलगाय आणली नव्हती तोवर त्याच्या टाकीत सडलेल्या पानांनी पाणी गढूळ होत होते. तो समतोल माणसाने विचार करून जमवलेला होता. आणि काचेबाहेर काय झाले? गॉसच्या मुलाने, एडमंड गॉसने, 1907 च्या आपल्या आत्मकथनात खंत केली आहे की वडिलांच्या पुस्तकांनी भारावलेल्या संग्राहकांनी इंग्लंडच्या किनाऱ्यावरची खडकांतली डबकी ओरबाडून नेली. धर्मनिष्ठ माणसाने निर्मळ मनाने सांगितलेल्या कौतुकातूनही असे होऊ शकते, हे मला त्या सगळ्या इतिहासातले सर्वांत दुखरे वाटते.

यातूनच तिसरा आणि सर्वांत वजनदार आक्षेप उभा राहतो: मुळात कोंडणेच चूक असेल, तर कोणाला कोणाबरोबर कोंडायचे याची चर्चा म्हणजे तुरुंगात खोल्या वाटण्यासारखे नाही का? मी या आक्षेपाला पूर्ण उत्तर देऊ शकत नाही, आणि तसा आव आणणेही बरे नाही. जो माणूस याच कारणाने टाकी आणत नाही, त्याची भूमिका माझ्याहून शुद्ध आहे. तरी सगळे कोंडणे एका मापाचे नसते. चेन्नईच्या कोळत्तूरसारख्या वस्त्यांत पिढ्यान्‌पिढ्या टाक्यांत पैदास झालेले गप्पी, मॉली वाढवले जातात. त्यांना कोणी नदीतून उचलून आणलेले नसते. याउलट आपल्या पश्चिम घाटातल्या केरळ-कर्नाटकच्या ओढ्यांत राहणारा, अंगावर लाल रेघ असलेला डेनिसन बार्ब पाहावा. बाजारात त्याला मिस केरळ म्हणतात. 2013 मध्ये त्याच्या प्रजातीला (जीनसला) सह्याद्रीवरून 'सह्याद्रिया' हे शास्त्रीय नाव मिळाले. शोभेच्या व्यापारासाठी तो इतका पकडला गेला की आज त्याची गणना धोक्यातल्या जातींत होते. पण मग नदीतला मासा कधीच घेऊ नये, असाही सरसकट निकाल देता येत नाही. ब्राझीलमध्ये रिओ नेग्रो नदीकाठच्या बार्सेलोस गावाचे पोट बराच काळ मोठ्या अंशी कार्डिनल टेट्रा पकडण्यावर चालत होते. मासे टिकायचे तर पुराचे जंगल टिकायला हवे, हे तिथल्या लोकांना कळते. म्हणजे सुसंगत मासे निवडताना काचेआडच्या शेजाऱ्यांबरोबर काचेबाहेरच्या नदीचाही विचार करावा लागतो. 1926 साली अहमदाबादच्या भटक्या कुत्र्यांवरून वाद झाला तेव्हा गांधींनी आपल्या लेखांतून घेतलेली भूमिका अनेक अहिंसावाद्यांना टोचली होती: कुत्रा पाळायचा तर नीट पाळा, रस्त्यावर भाकरी टाकून निघून जाण्यातली दया खोटी आहे. त्या लेखांतल्या सगळ्या निष्कर्षांशी सहमत व्हावे असे नाही, पण जबाबदारी न घेता केलेल्या दयेबद्दलचे त्यांचे म्हणणे टाकीलाही लागू पडते.

एक गैरसमज मात्र इथेच दूर करायला हवा, कारण या विषयावरून तो फार लवकर होतो. वेगवेगळ्या स्वभावाचे मासे वेगळे ठेवावेत, हे पटले की कोणीतरी म्हणतो, माणसांचेही असेच असते. ज्याचा त्याचा स्वधर्म, ज्याची त्याची वस्ती. या उपमेचा आपल्याकडे किती घातक उपयोग झाला आहे हे सांगायला नको. गावकुसाबाहेरच्या वस्त्या अशाच तर्कावर उभ्या राहिल्या. एंजल आणि निऑन या वेगवेगळ्या जाती आहेत. एकाचे तोंड दुसऱ्याच्या देहापेक्षा मोठे आहे, आणि ही गोष्ट शिक्षणाने, कायद्याने किंवा प्रेमाने बदलत नाही. माणूस ही एकच जाती आहे, आणि माणसांतले मत्स्यन्याय माणसांनी घडवलेले असतात. म्हणून ते मोडताही येतात. मत्स्यन्याय हा शब्द परंपरेने माणसांच्या अवस्थेचे वर्णन करायला वापरला तो निषेधासाठी, अनुकरणासाठी नव्हे. माणसांना वेगळे ठेवण्याचा आधार म्हणून मत्स्यपेटीकडे बोट दाखवणाऱ्याला मासेही समजलेले नाहीत आणि माणूसही.

तरीही टाकीतल्या शांततेबद्दल मला एक शंका राहते, आणि ती लपवावी असे वाटत नाही. आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातल्या म्बुना माशांना आपापली हद्द राखायची सवय असते. ते पाळणारे लोक मुद्दाम टाकी थोडी गच्च भरतात, म्हणजे कोणालाच हद्द धरता येत नाही आणि मार एकावर पडत नाही. टाकी शांत दिसते. ही शांतता टायगर बार्बच्या थव्याच्या शांततेसारखी आहे का? मला तसे वाटत नाही. बार्ब निसर्गातही थव्यानेच राहतो. मोठ्या संख्येत त्याला त्याचे जगणे परत मिळते. म्बुनाला गर्दीत ठेवले की त्याच्याकडून त्याचे जगणे काढून घेतले जाते आणि ते घेतल्यामुळे भांडण थांबते. कोणी जखमी होत नाही, म्हणून हे चालवून घ्यावे, असे पुष्कळ जाणकार म्हणतील, आणि त्यांच्या अनुभवापुढे माझा शब्द लहान आहे. पण मासे निवडताना कसोटी लावायची असेल तर मी ही लावीन: इथे या माशाला त्याच्या स्वभावाप्रमाणे जगता येते का? भांडण नसणे हे त्यानंतरचे. एखाद्या माशाला ही कसोटी लावून टाकी लहान पडत असेल, तर तो मासा घेऊ नये आणि टाकीत बसेल असा दुसरा, कदाचित कमी रंगीत, मासा घ्यावा. दोन फुटी टाकीला दहा-बारा छोटे टेट्रा आणि तळाशी सहा कोरीडोरास पुष्कळ होतात. त्यांचे पाणी जमते, ऊब जमते, थर वेगळे असल्याने अन्नही जमते. त्यांच्यात सुंदर एंजल नाही, ही उणीव पाहणाऱ्याच्या डोळ्यांची आहे.

मनूच्या कथेतला एक टप्पा मात्र आपल्याला वापरता येत नाही. मासा मावेनासा झाला की मनू त्याला समुद्रात नेतो. आपला ऑस्कर मावेनासा झाला तर त्याचे पाणी अ‍ॅमेझॉनमध्ये आहे आणि जवळची नदी त्याची नाही. कंटाळून तलावात सोडलेले परके मासे इथल्या माशांचे अन्न आणि वीण हिरावून घेतात. शोभेसाठी आलेला, टाकीच्या काचा चाटणारा सकर मासा आज पूर्व कोलकात्याच्या पाणथळीत आणि आंध्रच्या जलाशयांत मच्छीमारांची जाळी फाडतो आहे. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून विहिरींत, गटारांत सोडलेला गप्पीही परकाच आहे. एका जिवावर दया करताना हजारो जिवांचे घर मोडले, तर तो पुन्हा प्रमादच. म्हणून चूक होऊन गेली असेल, ऑस्कर वाढला असेल आणि निऑन संपत चालले असतील, तर नदीकाठी जाऊ नये. आधी निऑन दुसऱ्या टाकीत हलवावेत. मग ऑस्करसाठी मोठी टाकी घ्यावी किंवा तशी टाकी असलेला माणूस शोधावा. दुकानदार परत घेत असेल तर तो पुढे कोणाला देणार हे विचारावे. त्यात आठवडे जातील, पैसे जातील. तोवर दर दोन-चार दिवसांनी त्याचे थोडे पाणी बदलत राहावे लागेल, कारण त्या टाकीत तो अजून आहे.